आत्याला मी लाल सांगत राहिलो

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सांगावं असं माणूसच नव्हतं, असं म्हणून मी मोकळा झालो असतो — पण तेही खरं नाही. एक माणूस होतं. तिलाच तर सांगायला हवी होती. रोज संध्याकाळी ती माझ्यासमोर बसायची, मला विचारायची, आणि मी... थांबा. असं मधूनच नको. मला सरळ बोलायची सवय नाही, तरी जमेल तसं सुरुवातीपासून सांगतो.

मी महाडला एका खासगी क्लासमध्ये सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकवतो. डिप्लोमाची मुलं येतात, काही इंजिनिअरिंगची. मी खडूस म्हणून प्रसिद्ध आहे. एका सेमीकोलनसाठी अख्खा प्रोग्रॅम परत करायला लावतो म्हणून पाठीमागे मुलं मला सेमीकोलन म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. बोलतात तर बोलोत. संध्याकाळी क्लास सुटला की ती घरी जातात आणि मी खोलीवर जातो. कुकर लावतो, मोबाईल बघतो, झोपतो. फोन वाजला तर तो कंपनीचा असतो, नाहीतर फी कधी भरायची ते विचारणाऱ्या एखाद्या पालकाचा.

तर सीमध्ये इनम म्हणून एक प्रकार असतो. घाबरू नका, दोन मिनिटांत संपवतो. एखाद्या गोष्टीच्या मोजक्याच अवस्था असतील तर त्यांना आकड्यांऐवजी नावं द्यायची. हिरवा, पिवळा, लाल — अशी. वाचणाऱ्याला बरं पडतं. मशीनला त्या नावांचं काही नाही. त्याच्या लेखी शून्य, एक, दोन. मग दरवर्षी कुणीतरी विचारतंच — सर, नुसतं तपासून बघायला व्हेरिएबलमध्ये यातली कुठलीही एक किंमत रँडम टाकली तर चालेल का? चालतं. एका ओळीचं काम आहे. मशीन तिनांतला एक आकडा उचलतं. लालचा निघाला तर लाल. लाल म्हणजे काय, आणि तो बघून कोण काय करेल, याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं. मी ती ओळ फळ्यावर लिहितो आणि मुलांनी उतरवून घ्यायच्या आत पुसतो. मुलं कुरकुरतात. त्यांना वाटतं सरांना घाई आहे.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, कशेडीच्या अंगाला. नाव सांगत नाही; तिथल्या माणसांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. आई मी लहान असतानाच गेली. वडील मुंबईला नोकरीत, शिमग्याला आणि गणपतीला यायचे तेवढेच. मला वाढवलं आत्यानं. इंदू तिचं नाव — वडिलांची थोरली बहीण. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच नवरा गेला, आणि ती माहेरी परत आली ती कायमची. वाडीतलं सगळ्यात वरचं घर आमचं. दोन खाचरं भात, वर थोडी नाचणी, एक गाय. एवढ्यावर तिनं मला शिकवलं. मी महाडला नोकरीला लागलो, खोली घेतली, वडीलही गेले. लग्न दोनदा जमता जमता मोडलं, तिसऱ्या वेळी मीच नको म्हटलं. आत्याला म्हणायचो, ये ना महाडला. ती म्हणायची, "तिथं येऊन काय करू रे सुन्या? भिंतीकडं बघत बसू?" आणि मी मनातून सुटकेचा निःश्वास टाकायचो. तेही सांगून टाकतो, आता लपवायचं कशाला?

तळीयेला दरड कोसळून जे झालं त्यानंतर आमच्याकडे पाऊस म्हणजे नुसता पाऊस राहिला नाही. आषाढ आला की नोटीस यायची, खाली रस्त्यालगतच्या शाळेत राहायला जा म्हणून. पण कधी जायचं आणि कधी परतायचं? डोंगराच्या पोटात काय चाललंय ते कुणाला दिसतं? माणसं अख्खा पावसाळा शाळेत कशी काढणार — गुरं कुठं बांधायची, लावणी कुणी करायची? वाडीच्या बैठकीत हाच घोळ चालला होता. तेव्हा मी म्हटलं, मी करतो. मातीतला ओलावा मोजणाऱ्या सळ्या उतारावर रोवायच्या, देवळासमोर खांबावर एक डबा, डब्यात छोटं सर्किट, वर तीन दिवे. हिरवा म्हणजे घरात राहा. पिवळा म्हणजे सावध. लाल म्हणजे निघा, शाळेत जा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदाच वाडी माझ्याकडे तशी बघत होती. खरं सांगतो, अंगावर मूठभर मांस चढलं.

मे महिन्यात चाकरमानी मुंबईहून येतात आणि भैरीच्या देवळात सत्यनारायण घालतात. त्याच दिवशी दिव्याचं उद्घाटन ठरलं. आदल्या दिवशी मी सळ्या रोवल्या, डबा चालू केला — तर भर उन्हात, कोरड्या ठणठणीत मातीत लाल. बंद करून पुन्हा चालू केला. लाल. सळ्या खराब निघाल्या होत्या. दुसऱ्या पुण्याहून मागवायच्या म्हणजे पंधरवडा तरी जाणार, आणि पूजा तर उद्यावर आलेली. खाली मांडव घालणारी माणसं हाका मारून विचारत होती, काय सुनीलशेठ, झालं काय?

मी ती ओळ घातली. तिनांतला कुठलाही एक.

उद्घाटनापुरती, असं स्वतःला सांगितलं. सांगणारा मी आणि ऐकणारा मी. कुणी उलटून विचारणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी दिवा काय झकास चालला! पिवळा झाला, हिरवा झाला, मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण चालू असतानाच लाल झाला, आणि सगळा मांडव हसला. टाळ्या वाजल्या. गुरवानं खांबाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आत्या नव्या लुगड्यात पुढं बसली होती. शेजारच्या पार्वतीकाकूला कोपरानं ढोसून म्हणत होती, "माझ्या सुन्यानं केलाय गो." निघताना डबा बंद करता आला असता. एक बटण होतं. पण चारचौघांदेखत बंद कसा करणार — काय सांगणार? मी फक्त रंग बदलायचा वेळ वाढवून काही तासांचा केला आणि महाडला निघून आलो.

आता एक गोष्ट बाहेरच्या माणसाला कळणार नाही म्हणून सांगतो. आमच्याकडे काही अडलं की देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्न, जमीन, आजारपण — काहीही असो, देवानं दिलेल्या कौलाला कुणी उलटून विचारत नाही. माझा खांब देवाच्या दारात होता, त्याला कुंकू लागलं होतं, नारळ फुटला होता. लोकांनी त्याला तसाच धरला. डबा उघडून बघावा असं कुणाच्या मनातही येणार नव्हतं. देवाच्या पाठीमागं जाऊन कोण बघतो?

आणि नशीब असं खट्याळ की तो दिवा खरा ठरायला लागला. त्याचं कारण मला कळायला वेळ लागला. पाऊस जोराचा झाला की वाडीची लाईट जायची. लाईट परत आली की डबा पहिल्यापासून सुरू व्हायचा. आणि मी ज्या पद्धतीनं ती ओळ लिहिली होती, तिच्यात एक खोट होती — नव्या विद्यार्थ्याची असते तशी. रँडम म्हणावं तर तेही नव्हतं. दर वेळी सुरू झाल्यावर क्रम तोच यायचा. आधी पिवळा, मग हिरवा, मग लाल. म्हणजे पावसानं लाईट घालवली की ती परत आल्यावर काही तासांनी लाल हमखास. पहिल्यांदा असा लाल लागला त्या संध्याकाळी ओढ्याचं पाणी साकवावरून गेलं. झालं! वाडीतून मला फोनवर फोन. तुझ्या दिव्यानं आधीच सांगितलं, म्हणाले. अख्खी वाडी शाळेत उतरली होती.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, वाटलंच होतं मला.

जूनच्या शेवटी पुण्याहून नव्या सळ्या आल्या. खरा प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये कधीचाच तयार होता. पुडकं मी टेबलाखाली ठेवलं. रविवारी जाईन म्हटलं. रविवारी पाऊस होता. पुढच्या रविवारी ॲडमिशनची गडबड होती. ही कारणं नाहीत, मला माहीत आहे. खरं वेगळंच होतं, आणि ते सांगताना मला अजून लाज वाटते.

लाल लागला की आत्याचा फोन यायचा.

एरवी ती करायची नाही. "तू कामात असतोस" म्हणायची. मी करायचो तेव्हा दोन शब्दांत संपवायची. मोबाईलचं बिल येतं असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पण लाल लागला की खाली शाळेत पोचून फोन करायचीच. "सुन्या, लाल लागला रे. मी आले खाली. गाय पार्वतीच्या गोठ्यात बांधली." मग तिकडे बसून तिला काही काम नसायचं, तर बोलत राहायची. खाचरात खेकडे फार झालेत. पार्वतीच्या सुनेला सातवा लागलाय. तू जेवलास काय? एकदा तर तिनं मला लहानपणची गोष्ट सांगितली — मी शाळेतून येताना साप बघितला आणि घाबरून आंब्याच्या झाडाखाली संध्याकाळपर्यंत उभा राहिलो, ती. मी खोलीवर दिवा न लावता ऐकत बसायचो. अहो, मला त्या फोनची सवय लागली! क्लासमधली पोलादपूरची मुलं सांगायची, सर दुपारी लाईट आली. मी मनात हिशोब करायचो, म्हणजे लाल दिवेलागणीला. आणि वाट बघायचो.

कळतंय ना मी काय सांगतोय ते? साठी उलटलेली बाई पावसातून ती चिखलाची वाट उतरणार हे मला आधी कळायचं, आणि मला बरं वाटायचं.

बाकीची माणसं हळूहळू यायची बंद झाली. उतरायचं, शाळेत आडवं व्हायचं, सकाळी परत चढायचं, आणि डोंगर जागच्या जागी. कंटाळली. तरुण पोरं टिंगल करायला लागली, भैरीला लाल रंगच आवडतो म्हणून. पार्वतीकाकूनंसुद्धा उतरणं सोडलं. एकटी आत्या उतरायची. एकदा मला म्हणाली, "आज मी एकलीच हाय रे शाळेत. हसतात मला. हसू दे. त्यांना काय ठावं, कुणी केलाय तो." तेव्हा बोलायला हवं होतं. जीभ टाळ्याला चिकटली होती असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी चांगला स्पष्ट बोललो. म्हणालो, बरं केलंस आत्या, लाल लागला की उतरायचंच.

त्या दिवशीही पोलादपूरच्या मुलांनी सांगितलं होतं, दुपारी लाईट आली म्हणून. मी क्लासवरून लवकर निघालो. चहा केला, फोन समोर ठेवला. दिवेलागण झाली, फोन नाही. मी घड्याळाकडे बघितलं, हिशोब चुकला की काय म्हणून. मग वाजला तो पार्वतीकाकूचा. आत्या वाटेवर घसरली होती. उठता येत नव्हतं. पाय वेडावाकडा झालाय म्हणाली. पोरांनी झोळी करून खाली आणली, जीप मिळाली, महाडला दवाखान्यात आणतोय, तू तिथं ये.

आता ऐका. इथवर जे सांगितलं ते कदाचित मी कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. आळशीपणा झाला, चूक झाली, असं म्हणून. पुढचं नसतं सांगितलं.

दवाखाना माझ्या खोलीपासून चालत जाण्याएवढा. मी गाडीला किक मारली आणि पोलादपूरच्या रस्त्याला लागलो. पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप होता आणि सळ्यांचं पुडकं. समोरून गाड्या येत होत्या, त्यातल्याच एकीत आत्या होती. विव्हळत होती, माझं नाव घेत होती — हे पार्वतीकाकूनं नंतर सांगितलं. मी त्या गाडीच्या बाजूनं गेलो असणार. कुठली ती मला कळलं नाही, आणि कळलं असतं तरी थांबलो नसतो. माझ्या डोक्यात एकच होतं — आता कुणीतरी डबा उघडणार. आता कुणीतरी विचारणार, बाबा रे, डोंगर तर ढिम्म हलला नाही, मग लाल का?

वाडीत सामसूम होती. पावसानं माणसं घरात. खांबावर लाल तसाच होता. मी छत्री मानेत धरून डबा उघडला, खरा प्रोग्रॅम घातला, जुन्या सळ्या उपटल्या, नव्या रोवल्या. किती वेळ लागला असेल? मुलांना एक प्रॅक्टिकल करायला लागतो त्याहून कमी. एवढंच काम होतं ते. दिवा क्षणभर विझला आणि मग लागला. हिरवा. माती ओली होती, पण धोक्याची मुळीच नव्हती. त्या दिवशी नव्हती, त्याआधीही बहुधा कधी नव्हती.

परत फिरताना आमच्या घराचं दार नुसतं लोटलेलं दिसलं म्हणून आत गेलो. पडवीतून खांब दिसतो. तिथंच ती जेवायला बसायची. ताट तसंच होतं. भात कालवलेला, चार घास खाल्लेले, बाजूला सुकटीची चटणी. अन्नावरून उठू नये म्हणून मला लहानपणी केवढं ओरडायची ती! आणि माझा दिवा लाल झाला म्हणून कालवलेल्या भातावरून उठली होती. मी तो भात बाहेर टाकला, ताट घासून पालथं घातलं. का घासलं? कुणी बघू नये म्हणून. तेवढंच कारण होतं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा नखशिखांत भिजलो होतो. पार्वतीकाकूचे डोळे भरून आले. बायकांना म्हणाली, "बघा गो, पोर कसा भिजत धावत आलाय." आत्यानं माझा हात धरला. खुब्याचं हाड मोडलं होतं. वेदनेनं तोंड पांढरं पडलं होतं, तरी मलाच धीर देत होती. हाड मोडला तर मोडला, म्हणाली, जीव वाचला ना. मी मान हलवली.

ऑपरेशन झालं. तिला माझ्या खोलीवर आणलं. वॉकर धरून मोरीपर्यंत जायची, बाकी पलंगावर. शेजारच्या बायका मला म्हणायच्या, पोटचा मुलगा करणार नाही एवढं करता हो तुम्ही. मी करतच होतो. पेज करून भरवायचो, पाय चेपून द्यायचो. सकाळी क्लासला गेलो की ती एकटी. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसते, तिच्याकडे बघत बसायची. आणि संध्याकाळी मी दारात चपला काढतोय तोवर विचारायची, "आज काय हाय रे?"

डब्यात मी नंतर एक सिम घातलं होतं. रंग मला मोबाईलवर दिसायचा, हे तिला माहीत होतं. मी मोबाईल काढायचो. बघायचो. हिरवा असायचा. आणि सांगायचो, लाल.

इथं रँडम काही नव्हतं. मी शुद्धीवर, ठरवून, रोज लाल सांगत होतो.

का? कारण ती घरी गेली तर पडवीत बसणार, आणि समोर दिवस दिवस हिरवा बघणार. त्या संध्याकाळच्या दुप्पट पाऊस कोसळतोय आणि दिवा हिरवा. आत्या शिकलेली नव्हती, पण खुळीही नव्हती. एक दिवस विचारणार, मग त्या दिवशी लाल का लागला रे सुन्या? आणि दुसरंही एक होतं. क्लासवरून परत आलो की खोलीत कुणीतरी असायचं. मला ते हवं होतं. यातलं कुठलं कारण मोठं, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

गणपती जवळ आले. महाडवरून रात्रंदिवस चाकरमान्यांच्या गाड्या जायला लागल्या, हॉर्नचा नुसता गजर. आत्या कान देऊन ऐकायची. आमच्या घरात गणपती बसतो. तिच्या आठवणीत तो कधी चुकला नव्हता. म्हणाली, गणपतीला तरी ने रे. मी म्हटलं, लाल आहे आत्या, कसं नेऊ? लालवर ती कधी वाद घालायची नाही.

मग चतुर्थीच्या आदल्या दिवशी पार्वतीकाकू आली, मुलाला आणि जीप घेऊन. न्यायलाच आली होती. पोरांनी खुर्चीला बांबू बांधून डोली केलीय, म्हणाली, घर झाडून सारवून ठेवलंय, मखर लावलंय. आत्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू! आणि लगेच विझला. म्हणाली, "पण लाल हाय ना गो वर?" पार्वतीकाकू हसली. "कुठला लाल? दीड महिना झाला, हिरवाच हाय. तुला कुणी सांगितला लाल?"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

एक वाक्य पुरलं असतं. हो काकू, न्या तिला — एवढंही पुरलं असतं. कबूल काही करायची गरज नव्हती. मी घसा खाकरला. वर्गात बोलतो त्या आवाजात म्हणालो, काकू, वरचा दिवा नुसता वरच्या मातीचा असतो. खोलातलं मला मोबाईलवर दिसतं. खोलात अजून लाल आहे. पार्वतीकाकू घाबरली. मग आम्ही पण उतरायचं काय, म्हणाली. तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते. मी घाईघाईनं म्हटलं, नाही नाही, तुमच्याकडं नाही, फक्त आमच्या घराच्या मागं. आता हे कुणाला पटावं? पार्वतीकाकूला पटलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, कपाळाला आठी घालून. म्हणाली, "असा कसा रे? घर तर भिंतीला भिंत हाय आपला."

आणि आत्या तिच्यावर चिडली. माझ्यासाठी चिडली. "तुला काय कळतंय गो त्यातला? तो इंजिनेर हाय. त्यानं सांगितला म्हणून आज मी जिती हाय. नायतर वरच गाडली गेली असती." पार्वतीकाकूनं मखरातली दोन फुलं आणली होती, ती आत्याच्या उशाशी ठेवली आणि उठली. जीप रिकामी गेली.

चतुर्थीला मी मोदक विकत आणले. आत्यानं अर्धा खाल्ला. समोरच्या बिल्डिंगमध्ये आरती चालली होती, ती पडल्या पडल्या टाळ्या वाजवत होती, हळूहळू, आवाज न करता. मी मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो. बाहेर येऊन सांगायचं ठरवलं होतं. बाहेर आलो तर तिचा डोळा लागला होता, आणि मला हायसं वाटलं.

पडून राहिलेल्या माणसाला होतं तसं तिच्या छातीत कफ धरला. पितृपक्ष लागायच्या आत ती गेली. शेवटच्या संध्याकाळी श्वास लागला होता, बोलवत नव्हतं, तरी मी दारात चपला काढताना तिनं मान वळवली. विचारलं नाही, नुसतं बघितलं. मला कळलं काय विचारतेय ते. मी खिशातला मोबाईल काढलाही नाही. म्हणालो, लाल.

तिला वाडीवर न्यायचं ठरलं. माणसं शाळेपाशी थांबली होती. पाऊस उघडला होता. तिच्यासाठी केलेली ती डोली शाळेच्या भिंतीला टेकून उभी होती. आता तिचा उपयोग नव्हता. तिरडीला खांदा देऊन आम्ही ती वाट चढलो. घसरली ती जागा कुणीतरी दाखवली. देवळापाशी आल्यावर रिवाजाप्रमाणे क्षणभर थांबले सगळे. पार्वतीकाकू पुढं झाली, आत्याच्या तोंडावरचं फडकं सारखं केलं, आणि खांबाकडे बोट करून, जितीजागती समोर बसली असावी तशी तिला म्हणाली, "बघ गो इंदू, हिरवा हाय. चल आता घरी."

माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. मी मान वर करून दिव्याकडे बघितलं. हिरवाच होता, आणि खरा होता.